नकारानंतर अर्धा तास

संदेश आला तेव्हा मी कैरी किसत होते. शनिवार, सकाळचे अकरा, बाहेर चैत्राचं ऊन, आणि पलीकडच्या खोलीत नवऱ्याची, प्रसादची, मॅच चालू. बोटांना चीक लागलेला म्हणून करंगळीनेच फोन सरळ केला आणि वाचलं: ‘मागच्या सहामाहीतल्या तुमच्या पाहुण्यांच्या नोंदी, फोटोंसह, उद्या सकाळी नऊ वाजता कायमच्या पुसल्या जातील.’ वाचता वाचता हात मात्र थांबला नाही, आणि उजव्या तर्जनीचं टोक कैरीबरोबर किसून निघालं. आधी दुखलं नाही. मग आंबट झोंबायला लागलं तेव्हा कळलं. नळाखाली बोट धरून मी उभी राहिले आणि त्या वाक्याकडे बघत राहिले, कारण ते वाक्य माझंच आहे. ‘कायमच्या’ हा शब्दही मीच आग्रहाने घातलेला. नुसतं ‘पुसल्या जातील’ म्हटलं की लोक नंतर फोन करून परत मागतात, असं मी तेव्हा बैठकीत म्हणाले होते. माणसांचे चेहरे आपण उगाच साठवून ठेवता कामा नयेत, असंही म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अजूनही मला ते बरोबरच वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

आमच्या वाशीच्या कंपनीने सोसायट्यांच्या गेटसाठी एक ॲप केलं आहे. त्यात नऊ वर्षं माझं डोकं खर्ची पडलं. गेटवर कोणी आलं की वॉचमन टॅबवर त्याचा फोटो काढतो, यादीतून एक शब्द निवडतो, कुरिअर, कामवाली, विक्रेता, पाहुणा, आणि फ्लॅटवाल्याच्या फोनवर दोन बटणं येतात: होकार, नकार. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर नकार धरायचा. हा नियम माझा. एकदा नकार आला की त्या फ्लॅटला गेटवरून पुढचा अर्धा तास पुन्हा विचारता येत नाही, हाही माझाच. लोकांची तक्रार असायची की नाही म्हटलं तरी सेल्समन वॉचमनच्या मागे लागून पुन्हा पुन्हा बेल वाजवायला लावतात. मी म्हटलं, एकदा नाही म्हणजे नाही, निदान अर्धा तास तरी माणसाला सुखाने जेवू द्या. त्याबद्दल मला त्या महिन्यात एक कॉफीचा मग मिळाला होता. तो अजून आहे, त्यात आम्ही चमचे ठेवतो.

आणि माझे वडील सिताराम उघाडीवाले. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. आमच्या उलव्याकडची भातशेती सगळी खाडीला टेकून होती. भरतीचं खारं पाणी आत शिरलं की तीन वर्षं त्या खाचरात गवताची काडी उगवत नाही, म्हणून भरतीला दार बंद करायचं आणि ओहोटीला पावसाचं साठलेलं पाणी बाहेर सोडायला उघडायचं. गावाने ते काम आप्पांकडे दिलं होतं. मी पाच-सहा वर्षांची असेन, त्यांच्याबरोबर बांधावर जायचे. ते वाकून ओंजळभर पाणी घ्यायचे, जिभेवर ठेवायचे, मग माझ्या तोंडाला लावायचे. “सांग पोरी, कोन हाय?” मी तोंड वाकडं करून म्हणायचे, “खारं.” “मंग?” “मंग नाय!” आणि ते हसत दार खाली सोडायचे. एकदा मी विचारलं, पाणी बघून कळत नाही का? म्हणाले, “लांबून समदं पानी सारखंच दिसतं. तोंडात घेतल्याबिगर कलत नाय.” पुढे जमिनी गेल्या, डोंगर फोडून मुरूम आला, खाचरं बुजली, त्यावर रस्ते आणि टॉवर आले. उघाडी तेवढी राहिली. राखायला आत शेत नाही, तरी आप्पा भरतीच्या वेळा बघून तिथे जायचे, म्हणजे काय करायचे देव जाणे. मी चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून खाली बोट दाखवून ते प्रसादला म्हणाले, “जावयबापू, ह्या आपलाच शेत.” खरं तर ते आमच्या चुलत्यांचं होतं. आईने तिथल्या तिथे सांगितलंही. पण आप्पांनी हट्ट सोडला नाही.

गाव पायी वीस मिनिटांवर. ते पंधरा दिवसांनी कधीतरी यायचे, आणि कधीच फोन करून नाही. मी कितीदा म्हटलं, आप्पा, निघताना एक फोन करत जा, मी कामात असते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा आईजवळ म्हणाले, फोन करून जातात ते पाव्हने, बाप काय पाव्हना हाय? तेव्हा गेटवर शेजारच्या गावचा गंगाराम असायचा. तो काही विचारायचाच नाही, छोटा दरवाजा ढकलून “जावा आप्पा वर” म्हणायचा. मग कमिटी बदलली, एजन्सी बदलली, लाल-पांढरा दांडा आला, टॅब आला. आमचंच ॲप मी सवलतीत मिळवून दिलं होतं, सोसायटीने माझा सत्कारही केला, नारळ नि शाल. प्रसादच्या आईवडिलांना, जे सांगलीहून वर्षातून एकदा येतात, मी कायमचा कोड करून दिला, म्हणजे गेटवर विचारायची गरजच नाही. दूधवाल्याला कोड, कामवालीला कोड, इस्त्रीवाल्याला कोड. आप्पांचा केला नाही. मला वाटायचं, आप्पांना कसला कोड करायचा? हे प्रेम होतं असं मी बरेच दिवस धरून चालले. आळसालाही माणूस छान छान नावं देतो.

तो सोमवार होता, दिवाळीच्या तोंडावरचा. वाशीच्या ऑफिसात अकरा सोसायट्यांचे चेअरमन आणि सेक्रेटरी बोलावले होते, त्यांना ॲप दाखवायचं काम माझ्याकडे. मी बोलत असताना माझ्याच फोनवर माझ्याच गेटवरून विचारणा आली. विक्रेता. खाली वॉचमनने लिहिलं होतं: मच्छीवाला. मी म्हटलं, हे बघा, प्रत्यक्षच आलं, ठरवून केल्यासारखं. आणि नकार दाबला. “एका बोटाचं काम.” लोक हसले, एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. संध्याकाळी घरी येताना मनात काहीतरी टोचत होतं, पण मी फोन काढून ती नोंद पाहिली नाही. फोटो फोनवर नखाएवढा येतो. त्यात एक टोपी, एक खांदा, एक पिशवी. घाईत कोणाला काय दिसणार? हे सगळं मी प्रसादला सांगितलं आहे. पण ते आप्पा गेल्यानंतर.

अकरा दिवसांनी गेले. अंगणात जाळं विणत बसले होते, हातातली सुई खाली पडली, ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. त्या अकरा दिवसांत मी घरी तीनदा फोन केला. आप्पांनाही दिला आईने एकदा. ते म्हणाले, “बरी हाय ना पोरी? तब्बेतीला जप.” मी म्हटलं रविवारी येते. रविवारी ऑफिसचं काम निघालं. म्हटलं पुढच्या रविवारी. बाराव्यानंतर आई मागल्या दारी भांडी घासत होती, मी विसळत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, “तुझ्याकं जिताडा घेऊन आलेलं ते. परत आनला. बोललं, पोर घरी नव्हती.” मी हातातलं पातेलं पुन्हा विसळलं. आई म्हणाली, “मी रांधला. पन ते जेवलं नाय. बोललं, तो पोरीचा व्हता.” जिताडा हा मासा आप्पांच्या हिशेबी विकायचा नसतोच. तो लेकीला द्यायचा, व्याह्याला द्यायचा, फार तर तलाठ्याला. पैसे घेऊन जिताडा विकणाऱ्या भाच्याशी ते वर्षभर बोलले नव्हते. त्या माणसाला माझ्या यादीने विक्रेता केलं, आणि यादी करताना मी म्हटलं होतं की शब्द थोडके ठेवा, वॉचमनला दहा सेकंदांत निवडता आलं पाहिजे. पोर घरी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की त्यांनी आईपाशी मला झाकलं? सहा महिने मी एवढ्या एका गोष्टीभोवती फिरते आहे. विचारायला एकच माणूस होता, त्या दिवशीचा वॉचमन, आणि तो दिसू नये म्हणून मी मागच्या गेटने येते-जाते.

“काय झालं?” प्रसाद दारात उभा होता. माझं बोट अजून नळाखाली. त्याने पाणी बंद केलं, बोटाला पट्टी लावली, संदेश वाचला. “मग ठेव ना जपून फोटो. शेवटचा फोटो आहे त्यांचा. मी काढून घेऊ का?”

“नको.”

“रंजू, तू स्वतःला किती दिवस खाणार आहेस? एवढासा फोटो. त्यावरून कोणीही ओळखलं नसतं. मीही नसतं.”

त्याचा आवाज इतका मऊ होता की मला राग आला. माझ्यावर कोणी दया करायला लागलं की मला नेहमीच राग येतो, हे आप्पांचं. पण या वेळी रागाच्या खाली दुसरं काही होतं आणि ते वर येऊ लागलं. मी म्हटलं, “प्रसाद, फोन भिंतीला जोडलेला होता.”

“म्हणजे?”

“डेमो होता. फोनवर जे दिसतं ते मागच्या पडद्यावर दिसत होतं. छतापासून खालपर्यंत. आप्पा माझ्यापेक्षा उंच होते.”

मॅचमध्ये कोणीतरी आउट झालं, आतून आरडाओरडा आला. प्रसाद आत गेला नाही. आणि मी, ओट्याला पाठ लावून, सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत पुन्हा उभी राहिले. भिंतभर आप्पांचा चेहरा होता. टोपी कपाळावर सरकलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले, गालावर पांढरे खुंट, तेही एकेक मोजता येतील एवढे मोठे. तोंड अर्धवट उघडं, वॉचमनला काहीतरी सांगत असावेत. पिशवीतून शेपटी बाहेर. ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही. पुढच्या रांगेतला एक चेअरमन म्हणाला, “हेच, हेच लोक. कुठूनही घुसतात. त्यांना वाटतं सगळी जागा अजून त्यांचीच आहे.” आणि लोक हसले. माझं आडनाव लग्नानंतरचं, ऑफिसात कोणाला माझं गाव माहीत नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं, विचारलं तर म्हणायचे, इथेच जवळ. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, हे माझे वडील आहेत. पाच शब्द. होकार दाबला असता तरी कोणाचं काय जाणार होतं? पण बावीस माणसं माझ्या बोटाकडे बघत होती, आणि मला लाज वाटली. माशाची, टोपीची, त्या उघड्या तोंडाची. पाण्याचा एक घोट घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ वाटली. त्या तेवढ्या वेळात मी बोट टेकवलं. ॲपने काही केलं नाही. ॲपने विचारलं, मी उत्तर दिलं.

“मी खाली जाऊन येते,” मी म्हटलं. प्रसादने माझा दंड धरला, मग सोडला. लिफ्टमध्ये कोणाचा तरी डबा घेऊन एक डिलिव्हरीवाला होता, त्याने मला जागा करून दिली आणि आरशाकडे तोंड करून उभा राहिला.

त्या दिवशीचा वॉचमन, अंकुश, केबिनमध्ये होता. हिंगोलीकडचा, तिशीतला, गणवेशाची कॉलर नेहमी वर. मला बघून तो उठला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तोही सहा महिने मला टाळत होता.

“अंकुश, दिवाळीच्या आधी एक म्हातारे आले होते. मासा घेऊन.”

“तुमचे वडील,” तो म्हणाला. “मॅडम, मला नंतर गंगाराममामानं सांगितलं. मी नवा होतो तवा, तिसराच दिवस. ते म्हणले, रंजिता हाय का. पिशवीतून पाणी गळू लागलं व्हतं, मला वाटलं मच्छी इकणारे. चुकी माझी हाय.”

“तुझी नाही. नकार आल्यावर ते काय म्हणाले?”

त्याने टॅबच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली. “भांडले नाहीत. म्हणले, तिला कळलं का मी हाय म्हणून? मी म्हणलं, बाबा, फोटो जातो ना, बघूनच दाबतेत. म्हणले, दाखव कसला फोटो. दाखवला. लई वेळ बघितला त्यांनी. मग म्हणले, हा काही बराबर नाही आला. ह्याच्यात मी मलाच वळखू येईना, पोर कशी वळखंल? दुसरा काढ.”

आप्पा असे बोलत नसत. पण हिंगोलीच्या बोलीतूनही तो आवाज मला ओळखू आला.

“मग गाड्या धुवायच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. टोपी खिशात घातली. माझ्याकडून कंगवा घेतला. शर्टाचं वरचं बटन लावलं, अन् पिशवी मागं ठेवली, फोटोत येऊ नये म्हणून. म्हणले, आता काढ. काढला, पण जाईना. अर्धा तास थांबा म्हणू लागलं. मी म्हणलं, नकार आला की असंच हाय. म्हणले, बसतो की अर्धा तास, मला काय घाई.” त्याने बाहेर बोट दाखवलं. “तिथं बसले व्हते, त्या कट्ट्यावर. मला इचारू लागले, गाव कोणतं, शेतात काय पेरता. वीस मिनिटं झाली असतील. मग कोणीतरी वास येऊ लागला म्हणून तक्रार केली. सुपरवायझर आला, म्हणला, इकणाऱ्याला गेटवर बसवू नको. ते आपणहून उठले, मॅडम. मी म्हणलं, धाच मिनिटं राहिलेत, पलीकडं सावलीत थांबा. म्हणले, नको, भरती लागंल आता. जाताना म्हणले, पोरीला सांगू नको, जिवाला लावून घेते ती.”

मी कट्ट्याकडे बघितलं. तिथे आता कुंड्या ठेवल्या आहेत. आप्पांनी फोटोला दोष दिला, मला नाही. की त्यांनी तो पहिला फोटो लई वेळ बघितला तेव्हाच सगळं ओळखलं, आणि मग अंकुशपाशी, आईपाशी, स्वतःपाशीही, मला झाकायला सुरुवात केली? ज्या माणसाने जन्मभर चव घेतल्याशिवाय दार खाली सोडलं नाही, तो इतक्या सहज फसेल? मला कधीच कळणार नाही. आणि त्यांनी माफ केलं की नाही हा प्रश्नच उरला नाही, कारण रागावल्याशिवाय माफ कसं करणार? ते रागावलेच नव्हते. तोंड धुवून आले होते. मला तिथे, भर उन्हात, गेटवर, हुंदका फुटला, आणि तो कोणी बघितला याची पहिल्यांदा लाज वाटली नाही.

“तो दुसरा फोटो,” मी म्हटलं, “गेला नाही, तर कुठे आहे?”

“ह्याच्यातच हाय. न गेलेल्यांत. मी पुसला नाही. आता उद्या आपोआप जाईल म्हणतेत.”

त्याने टॅब माझ्याकडे फिरवला. केस पाणी लावून मागे बसवलेले, कपाळावर टोपीचा पांढरट पट्टा, मानेशी बटण घट्ट. ते हसत होते. माझ्या लग्नाच्या अल्बमातही ते असे हसलेले नाहीत. डोळे मोठे करून थेट माझ्याकडे बघत होते, लांबून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून माणूस बघतो तसे. प्रकार: पाहुणा. नावाच्या जागी अंकुशने त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं होतं: रंजिताचा बाप. आणि शेजारी लाल अक्षरांत, ‘पाठवला नाही.’

“पाठवू का?” अंकुशने विचारलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. मी हो म्हटलं.

माझ्या हातातला फोन वाजला. पाहुणा आला आहे. रंजिताचा बाप. होकार, नकार, आणि वर आकडे उलटे धावू लागले, तीस, एकोणतीस. मी तर्जनी टेकवली. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवली, जोरात. बोटावर पट्टी होती, आणि पट्टीतून या पडद्याला स्पर्श कळत नाही. अठरा. सतरा. आप्पा हसत होते. मी पट्टी ओढू लागले, ती चिकटून बसलेली. “मॅडम, दुसऱ्या बोटानं,” अंकुश म्हणाला. चार उरले असताना मी डाव्या अंगठ्याने होकार दाबला.

केबिनवर हिरवा दिवा लागला. दांडा वर गेला. अंकुश सवयीने एक पाऊल मागे सरला, वाट दिली, आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो.